खांबाच्या अलीकडं

आमच्या परभणीच्या कॉलेजचा पोरींचा खो-खोचा संघ विद्यापीठात पहिला आहे. हे मी कुणाची आजी म्हणून सांगत नाही, सगळं गाव सांगतं. रिक्षावाला सांगतो, दूधवाला सांगतो, आणि ज्यानं जन्मात मैदानावर पाऊल टाकलं नाही तो आमच्या गल्लीतला औषधाच्या दुकानवाला सगळ्यात मोठ्यानं सांगतो. यंदाही ढाल आपलीच, हे आषाढातच ठरून गेलं होतं. पण पहिल्या नंबरच्या संघाची एक गंमत असते. त्याचं कौतुक गावभर असतं आणि त्यातली भोकं फक्त त्याच्या मॅडमला ठाऊक असतात.

भोकं पडतात ती वैशाखात. दुसऱ्या कॉलेजांना दमवणाऱ्या पोरी लग्नसराईपुढं हात टेकतात. यंदा चार जणी गेल्या. एक नर्सिंगला लातूरला गेली. एक पोलीस भरतीच्या मागं लागली, तिनं आता खो-खोऐवजी गोळाफेक धरली आहे. एकीचे विषय राहिले. आणि चौथी, जी खांबावर सूर मारायची, ती लग्न होऊन पाथरीला गेली. पहिल्या तिघींच्या जागा मॅडमनी बसल्या बसल्या भरल्या. चौथीची भरेना.

ज्यांचा खो-खो शाळेतच सुटला त्यांच्यासाठी सांगते. मैदानाच्या दोन टोकांना दोन लाकडी खांब असतात आणि मधे ओळीनं आठ जणी बसलेल्या असतात. पळणारी पोर जीव घेऊन खांबापर्यंत येते आणि खांबाला वळसा घालून पलीकडं सटकते. त्या क्षणी पाठलाग करणारीनं एका हातानं खांब धरायचा आणि उरलेलं सगळं अंग पुढं फेकून द्यायचं. हात लागला तर ती बाद, नाही लागला तर तोंडात माती. याला सूर म्हणतात. बाकीचा खो-खो पायांनी खेळता येतो, हे काम छातीनं करावं लागतं.

आता ही भोकं शोधायची आमच्याकडं एक रीत आहे. नागपंचमीला लेकी माहेरी येतात. त्यात संघातल्या जुन्या पोरीही येतात, पाथरीहून, गंगाखेडहून, जिंतूरहून, एसटीनं, जीपनं, कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या मागं दोन. पंचमीच्या दिवशी झोके, फेर, लाह्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या मैदानावर सामना असतो, माहेरवाशिणी विरुद्ध चालू संघ. ढाल नाही, हार नाही, फोटोवाला नाही. पण ज्या पोरी त्याच ओळीत बसून मोठ्या झाल्या, त्यांना संघ कुठं उसवलाय हे नुसत्या नजरेनं कळतं. त्या बरोबर तिथंच बोट घालतात. स्पर्धा त्यानंतर दोन महिन्यांनी. तोवर शिवून घ्यायला वेळ मिळतो.

"बाहेरच्यांनी दाखवलं तर नाक जातं, बाई," मॅडम म्हणतात, "माहेरवाशिणींनी दाखवलं तर नुसतं हसं होतं."

मॅडम चौथीत माझ्या वर्गात होत्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलं, म्हणून त्या अजून मला बाई म्हणतात, आणि मैदानावर मी त्यांना मॅडम म्हणते. घरी आल्या की एकेरीवर येते. सरावाच्या दिवसांत त्या मला लिंबाखाली खुर्ची देतात आणि हातात एक वही. वहीत मैदानाचा नकाशा. कोण कुठं बाद झाली तिथं मी एक टिंब द्यायचं. चार दिवसांची टिंबं बघितली की संघाची ताकद कुठं आणि दुखणं कुठं ते दिसतं. हे काम माझ्याकडं आलं कारण मी माझ्या काळची चॅम्पियन. मी चॅम्पियन होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते मीच सगळ्यांना सांगितलेलं आहे.

त्या चॅम्पियनबद्दल थोडं सांगते, तिला आता राग यायचं कारण नाही. दोन वेण्या वर बांधलेल्या, लाल रिबिनी, ओढणीची कंबरेला गाठ. चालताना अशी मान की जणू नगरपालिकेची विहीर हिनंच खोदून दिलीय. मैदानाच्या कडेला वसतिगृहातली पोरं उभी राहायची, ती आपला खेळ बघायला येतात अशी तिची पक्की समजूत होती. पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं की त्या कडेला पाण्याचा नळ होता.

माझा खो मात्र खरंच गाजलेला होता. आवाज असा की स्टेशनावर हमाल वळून बघायचे, असं मी सांगते. पळायला मी हरणासारखी. भीती मला पळायची नव्हती, पडायची होती. माती बघितली की माझं अंग आखडायचं. मग मी एक युक्ती काढली. खांबाच्या चार हात अलीकडं जी पोर माझ्याकडं पाठ करून बसलेली असेल, तिला मी असा दणक्यात खो द्यायची आणि असा झटका देऊन तिच्या जागी बसायची की बघणारे टाळ्या वाजवायचे. किती चपळ, म्हणायचे. आमचे सर तर म्हणायचे, बघा, ही स्वतः गडी मारायच्या मागं लागत नाही, दुसरीला संधी देते. एवढं कानावर पडल्यावर मीही म्हणाले, हो, माझा स्वभावच तसा.

विद्यापीठाच्या शेवटच्या सामन्यात समोरच्या पोरींनी पहिली पाळी नुसतं बघितलं. दुसऱ्या पाळीत आल्या त्या सरळ खांबामागं जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना कळलं होतं की ही इथवर येतच नाही. एकीनं तर तिथं उभ्या उभ्या सुटलेली वेणी बांधून घेतली. आम्ही हरलो. घरी येऊन मी सांगितलं, आमच्या पोरी उठायला उशीर करायच्या. त्या बिचाऱ्या उठून उठून दमल्या होत्या.

हे मी पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही. उलट त्या युक्तीला शास्त्र करून टाकलं.

माझी नात माझ्याकडं राहून शिकते. तिचे आईबाप गंगाखेडकडं उसाच्या रानात कामाला. ती दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या साली ती संघाबरोबर गावोगाव हिंडली, पण बारा जणींत नव्हती. बाटल्या भरायची, चपला सांभाळायची, जिंकल्यावर सगळ्यांत जास्त नाचायची. यंदा तिची उंची वाढली, हात लांब झाले. मॅडम तिला म्हणाल्या, "खांबावर तू. पळणाऱ्या माझ्याकडे ढीगभर आहेत, त्यात तुझा नंबर लागणार नाही. खांब जमला तर तू बारात. नाही जमला तर मला जागा दिसत नाही."

झालं. पोरीच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. बारात आली तर जर्सी मिळणार, जर्सीच्या पाठीवर आडनाव छापणार, ते मराठीत छापावं का इंग्रजीत यावर ती आठ दिवस विचार करायली होती. भाजी निवडता निवडता मधेच म्हणायची, "आजी, मराठीतच बरं दिसंल ना?"

मी आषाढी एकादशी झाल्यापासून खुर्चीवर. पंधरा दिवसांत माझी वही टिंबांनी भरली. मधल्या आठ चौकटींत टिंबंच टिंबं, जणू शेवग्याच्या फुलांचा सडा. दोन्ही टोकांना खांबांपाशी कागद कोरा. मी चष्मा पुसला आणि वहीतून डोकं काढून नातीकडं बघायला लागले. पळत आली, सुंदर आली, काय तिचे पाय सांगू. समोरची पोर खांबाकडं निघाली. आणि माझी नात खांबाच्या चार हात अलीकडं दणकून खो देऊन, मानेला झटका देऊन खाली बसली. कडेला दोघातिघांनी टाळ्या दिल्या.

तो झटका माझा होता. रिबिनीसकट माझा.

कुठून आला हे शोधायला लांब जायचं कारण नव्हतं. ती शाळेत असल्यापासून अंगणात मीच शिकवलं होतं, खो वेळेवर दिला की खांबापर्यंत जायची वेळच येत नाही. मोठ्या तोऱ्यात शिकवलं होतं.

संध्याकाळी भाकरी थापताना मी विषय काढला.

"का गं, खांबापर्यंत का जात न्हाईस?"

"जाते की."

"वहीत एक टिंब न्हाई."

"तूच म्हणलीस आधी खो द्यावा."

"म्हणले. पण कधी तरी जायचं असतंय."

ती परातीतल्या पिठावर बोटानं रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "आजी, मला पडायचं लय भ्या वाटतंय. पाय तिथपर्यंत जातेत, अंग जात न्हाई. मॅडमला सांगू नको."

चांगली आजी असती तर म्हणाली असती, सांग बाई, आत्ताच सांग. मी चांगली आजी नाही, मी त्या दोन वेण्यांवालीची थोरली बहीण आहे. मी दुसऱ्या दिवशी वहीत कोऱ्या टोकांपाशी बारीक अक्षरात लिहिलं, "खांब : ठीक." चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईनं हे लिहिलं.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मैदानावरचे शिपाईमामा कुदळ घेऊन आले. सामन्याआधी दोन्ही खांबांभोवतीची माती उकरून भुसभुशीत करायची, वर वाळू टाकायची, म्हणजे पडणारीला लागत नाही. माझ्या डोक्यात आलं, माती मऊ झाली की पोरीला सूर न मारायला निमित्त राहणार नाही. माती कडक राहिली तर कोण कुणाला पड म्हणेल? आठ दिवस पावसानं उघडीप दिली होती. आपली काळी जमीन वाळली की दगडाला लाजवते. मी खुर्चीवरून उठले.

"मामा, काय करायलाव?"

"खांबाजवळचं उकरायलोय, बाई. मॅडमनी सांगितलंय."

"पंचमीला जमीन खणू नये."

"पंचमी उद्या हाय."

"नागोबाच्या बिळात काय कॅलेंडर लावलंय? आजपासूनच तो वर आलेला असतो. कुदळ लागली म्हणजे?"

मामा कुदळीवर हनुवटी टेकून माझ्याकडं बघायला लागले. "बाई, आमच्या पोराला तर तुमी शिकवलं की साप दूध पीत न्हाई, सगळी अंधश्रद्धा हाय."

"दूध पीत नाही म्हणाले. कुदळ सोसतो असं कुठं म्हणाले?"

मामांनी थोडा विचार केला, कुदळ खांद्यावर टाकली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पंचमी, त्या दिवशी तर कुणीच मातीला हात लावणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सामना. मी खुर्चीवर परत बसले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन अर्धा डबा शेंगा खाल्ल्या.

सामन्याच्या दिवशी माहेरवाशिणी आल्या त्या आधी गळ्यात गळे घालायलाच अर्धा तास. मग बाळं एकमेकींच्या आयांकडं सोपवली, पदर-ओढण्या गाठीला बांधल्या. पाथरीला दिलेली पोर सगळ्यांत शेवटी आली. तिची ही पहिली पंचमी. हातांवर मेंदी, मनगटापासून वर हिरव्या बांगड्या, आणि खाली भावाची ट्रॅकपँट. पाठोपाठ तिची आई, तोंडाला पदर लावून.

"आली का पाथरीकरीण. सासरची भाकरी मानवली की गं तुला," एकीनं टोमणा मारला.

"मानवली. तुला बी वळता येईना आता, मागून लय रुंद झालीस," ही म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "बांगड्या काढ आधी. लागतील."

"मॅडम, पहिल्या पंचमीला बांगड्या काढू दिल्या तर आई हितंच बसंल उपोषणाला." तिनं आईची दस्ती घेतली, स्वतःची घेतली, आणि दोन्ही हातांच्या बांगड्या गच्च गुंडाळून टाकल्या. आजकालच्या पोरी दस्ती म्हणत नाहीत, रुमाल म्हणतात. ही म्हणते. मला ती तेवढ्यानंच आवडली.

आमच्या संघानं आधी पाठलाग घेतला. माहेरवाशिणींची पहिली तिघींची तुकडी आत आली, त्यात पाथरीची. माझ्या नातीनं सुरुवात अशी केली की माझ्या अंगावर काटा आला. दोन माहेरवाशिणी बघता बघता धापा टाकायला लागल्या. मग पाथरीची पाण्याच्या टाकीकडच्या खांबाकडं निघाली. नात मागं. आणि खांबाच्या चार हात अलीकडं खो. झटका. टाळ्या.

पाथरीची वळसा घालून थांबली. पळाली नाही. नुसती बघत उभी राहिली. मला त्या बघण्याची ओळख होती.

दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा ती खांबामागं गेली, कंबरेवर हात ठेवले आणि नातीला म्हणाली, "ये की गं. मी हितंच हाय. का चहा सांगू तुझ्यासाठी?"

मैदान हसलं. पुढच्या तुकड्यांतल्या जणी तर आत आल्या आल्या खांबाकडंच निघाल्या. दोन लेकरांची आई असलेल्या एकीनं तिथं उभं राहून कडेला बसलेल्या बाईला ओरडून विचारलं, बाळानं दूध घेतलं का. तिला उत्तर मिळालं, तिनं अजून दोन सूचना दिल्या, तरी तिला कुणी बाद केलं नाही. माझी नात पुन्हा पुन्हा धावत यायची आणि चार हात अलीकडं बसायची. दर वेळी झटका थोडा कमी होत गेला. शेवटी ती नुसतीच बसायला लागली.

मी मनात म्हणत होते, जमीन कडक आहे, त्यात काय, कुणीही हेच केलं असतं.

मग माहेरवाशिणी पाठलागाला बसल्या. आमच्या संघातली सगळ्यात वेगवान पोर आत आली. तीही शहाणी, तिला वाटलं, असल्या मातीत कोण पडतंय. खांबाला वळसा घालून ती आरामात उभी राहिली. पाथरीची आली. तिनं वेग कमी केला नाही. डाव्या हातानं खांब धरला आणि बाकीची सगळी हवेत गेली.

जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. ज्वारीचं पोतं ट्रकमधून खाली टाकावं तसा. त्यात बारीक काच फुटल्याचा. धूळ खाली बसली तेव्हा ती आडवी पडलेली होती आणि तिच्या बोटांची टोकं आमच्या पोरीच्या टाचेवर होती. बाद.

उठली. अर्धं अंग काळं झालेलं. दस्ती सोडून हात झटकला, दोन तुकडे पडले.

"दोन वाढल्या," ती म्हणाली.

तिची आई रडकुंडीला आली. "अगं पहिलीच पंचमी की गं तुझी."

"आई, अजून बारा हायेत." दस्ती परत बांधली आणि पळाली. दोन मिनिटांनी दुसऱ्या खांबावर पुन्हा सूर, पुन्हा तो पोत्याचा आवाज.

मी आयुष्यात चांगलं पळणाऱ्या लय पोरी बघितल्या. चांगलं पळणं ही देणगी असते, त्याचं कौतुक आईबापाचं करावं. पण दगडासारखी जमीन समोर दिसत असताना, पदरात काही पडणार नाही, ढाल नाही, कुणी नाव छापणार नाही, चार दिवसांनी परत सासरी भाकऱ्याच थापायच्या आहेत, आणि तरी अंग फेकून द्यायचं, याचं काय करावं? मी टिंब द्यायला विसरले. नंतर दिलं, ते जरा मोठंच पडलं.

माहेरवाशिणी जिंकल्या. पहिल्यांदाच.

सामना संपल्यावर लिंबाखाली डबे उघडले, पुरणाची दिंडं निघाली, लाह्या फिरल्या. मॅडमनी माझ्या हातातून वही घेतली आणि खांबापाशी बोट ठेवलं.

"बाई, इथं तुम्ही खांब ठीक असं लिहिलंय."

मी लाह्या चावत राहिले. लाह्या चावायला वेळ लागत नाही, हीच त्यांची खोड.

"आणि माती का उकरली नाही म्हणून मी मामांना विचारलं. ते म्हणाले, बाईंनी नागोबाचं सांगितलं."

"त्याचं असं हाय," मी सुरुवात केली. पुढं काय सांगणार होते देव जाणे. काहीतरी नागिणीच्या पिलांबद्दल तयार होत होतं.

तेवढ्यात माझी नात उठून उभी राहिली. सगळ्यांसमोर. माहेरवाशिणी, चालू संघ, त्यांच्या आया, मामा, सगळे.

"मॅडम, आजीला बोलू नका. मी सूर मारत न्हाई. माती मऊ असली तरी मारत न्हाई. मला पडायचं भ्या वाटतंय, म्हणून मी आधीच खो देते." एवढ्यावर थांबली नाही. "खांबावर दुसरीला घ्या. स्पर्धेत जाऊन सगळ्यांचं वाटोळं करण्यापरीस आज सांगते."

खांब गेला म्हणजे बारा गेले, बारा गेले म्हणजे जर्सी गेली, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं आणि सगळ्यांत जास्त तिला ठाऊक होतं. सांगून झाल्यावर ती खाली बसली नाही. उभीच राहिली, मॅडमकडं बघत. मला तिच्या एवढ्या वयात हे पन्नास माणसांसमोर सोडाच, एका सरांसमोरही एकट्यात बोलता आलं नव्हतं. मी तिला पळणं शिकवलं, झटका शिकवला, झाकायचं शिकवलं. हे उभं राहणं तिनं कुठून आणलं मला माहीत नाही. आमच्या घरात तर नव्हतं.

मग मला बसून राहवेना. "तिचं नका काही धरू," मी म्हणाले. "हे मी शिकवलंय. मी पण आयुष्यात एकदाही सूर मारला नाही. तो सामना आम्ही माझ्यामुळं हरलो. पोरी उठायला उशीर करत नव्हत्या."

मला वाटलं आता मोठा गहजब होणार. मॅडमनी दिंडाचा तुकडा तोडला.

"बाई, मला चौथीपासून शंका होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही आम्हाला सगळं शिकवलं, खांब सोडून."

पाथरीची इतकी हसली की तिला ठसका लागला. पन्नास वर्षं मी जे गाठोडं बांधून ठेवलं होतं, ते पोरींनी लाह्यांबरोबर खाऊन टाकलं.

"खांबावर कोण मग?" मॅडमनी विचारलं.

पहिल्या वर्षाची एक पोर होती, चारठाण्याची, ठेंगणी, फार बोलत नसे. तिनं हात वर केला. "मी पडते, मॅडम. बाद व्हती का न्हाई ते ठाऊक न्हाई. पण पडते."

"मी चार दिवस हाय अजून," पाथरीची म्हणाली. "हिला शिकवते. आन् तिला बी," म्हणून माझ्या नातीकडं बोट केलं.

"मला बारात घेणार न्हाईत आता," नात म्हणाली.

"मी बाराचं कुठं बोलायले? मी पडायचं बोलायले. येती का न्हाई?"

नात गेली.

मामांनी त्याच दुपारी माती उकरली. माझ्याकडं न बघता. आणि मग चार दिवस मी मैदानाच्या कडेला बसून जे बघितलं ते मला कुणी विशीत दाखवलं असतं तर बरं झालं असतं. पडणं शिकवता येतं हेच मला माहीत नव्हतं. आधी गुडघ्यावर बसून नुसतं कुशीवर कलंडायचं. मग उभं राहून. हनुवटी वर, दात मिटलेले, खांबावरचा हात काही झालं तरी सोडायचा नाही. पाथरीची एकेक गोष्ट शंभरदा सांगायची आणि शंभर वेळा स्वतः पडून दाखवायची. मधेच आईनं बोलावलं की, आले गं, म्हणायची आणि परत पडायची.

चारठाण्याची पहिल्याच दिवशी धाडकन पडली. खांबाच्या अलीकडंच पडली, पण पडली. माझी नात पहिल्या दिवशी खांबाला हात लावून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी धावत आली आणि सवयीनं तिथं नसलेल्या पोरीला खो देऊन बसली. सगळ्या हसल्या, तीही हसली. तिसऱ्या दिवशी कुशीवर पडली, मग उठून रडली, मग परत पडली. चौथ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. दोघींना पाच-पाच वेळा पळवलं. चारठाण्याची पाचही वेळा पडली, दोनदा हात लागला. माझी नात तीन वेळा अडली. दोनदा गेली. दोन्ही वेळा हात लागला.

मी वहीत हे जसंच्या तसं लिहिलं. अडली तिथं अडली असं लिहिलं.

पाथरीची दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेली. त्याच दिवशी कॉलेजात यादी लागली. खांबावर चारठाण्याची. माझ्या नातीचं नाव बाराव्या नंबरावर, राखीव. गावात अजून कुणाला पटत नाही की आपल्या पहिल्या नंबरच्या संघाचा खांब एका अशा पोरीच्या हातात आहे जिला पाचातल्या दोनदाच गडी मिळतो. मॅडमना मी विचारलं, नातीला कशी काय घेतली, माझ्या तोंडाकडं बघून तर नाही? त्या म्हणाल्या, "बाई, खांब दोन आहेत. आणि दोन महिन्यांत ही अडायची राहील, नाहीतर अडली तर मला सांगेल. दोन्ही चालतंय मला."

संध्याकाळी पोर घरी आली आणि ओट्यावर बसून कोपर फुंकरत राहिली. सालटं पुरतं गेलेलं. मी हळद-तेल कोमट करून आणलं आणि लावायला घेतलं.

"हळू की गं."

"हळूच लावायले."

लावून झाल्यावर तिनं माझा हात धरला, उलटा केला, आणि माझं कोपर उजेडात धरून इकडून तिकडून बघितलं.

"आजी, तुझं कोपर लय गुळगुळीत हाय गं. एक डाग न्हाई."

"असणारच," मी म्हणाले. "पन्नास वर्षं जपलंय."